पहिले दहा सेकंद

प्रथमोपचार आणि सीपीआरच्या (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबून, श्वास देऊन त्याला वाचवायचा प्रयत्न करण्याच्या) प्रमाणपत्र वर्गात आमच्या मॅडमनी सगळ्यात जास्त वेळ दिला तो एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाला. समोर निपचित पडलेला माणूस नीट श्वास घेतोय का? हो की नाही, आणि तेही दहा सेकंदांच्या आत. छाती कशी दाबायची, हृदयाला शॉक देणारं यंत्र, म्हणजे एईडी, कसं लावायचं, घास अडकला तर काय करायचं हे सगळं शिकवलं, पण प्रत्येक विषय संपला की त्या फिरून याच प्रश्नाशी यायच्या. मला आता वाटतं, प्रत्यक्ष वर्गात जाऊन बसायचं ते याचसाठी. बाकीचं बरंचसं वाचून, व्हिडिओ बघून थोडंफार कळतं. हा निर्णय मात्र कोणी आपल्याकडून पुन:पुन्हा करवून घेतल्याशिवाय अंगवळणी पडत नाही.

माझ्या जाण्याला दोन कारणं होती. कार्यालयात दर मजल्यावर प्रथमोपचार येणारं कोणीतरी असावं असं ठरलं आणि आमच्या मजल्यावरून मी नाव दिलं. दुसरं कारण घरचं. वडिलांची बायपास झालेली आहे. त्यांना घरी सोडताना डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं, की हृदय बंद पडण्याच्या बहुतेक घटना घरातच घडतात, तेव्हा घरातल्या एकानं तरी सीपीआर शिकून घ्यावं. वर्गात माझ्यासारखे कार्यालयातून आलेले काहीजण होते. शिवाय जलतरण तलावावरचा एक जीवरक्षक, शाळेतले शारीरिक शिक्षणाचे सर, पहिलं बाळ होऊ घातलेलं एक जोडपं आणि एक निवृत्त गृहस्थ होते. या गृहस्थांच्या पत्नीला हृदयाचा त्रास होता, आणि सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारत होते. मॅडम पूर्वी बरीच वर्षं रुग्णवाहिकेवर काम केलेल्या.

सुरुवात झाली ती क्रमापासून. आधी आजूबाजूला बघायचं: उघडी वायर, गॅसचा वास, धावती वाहनं असं काही आहे का? वाचवायला जाणाराच आडवा झाला तर पडलेल्याला कोणीच उरत नाही. मग दोन्ही खांद्यांवर जोरात थोपटून मोठ्यानं हाक मारायची. उत्तर नाही आलं, तर मदत मागायची. इथे मॅडम एका गोष्टीवर अडून बसल्या. ‘कोणीतरी फोन करा हो’ असं हवेत ओरडलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करेल. म्हणून एका माणसाकडे बोट करायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि म्हणायचं, “निळा शर्टवाले काका, तुम्ही रुग्णवाहिकेला फोन लावा आणि इथे येऊन मला सांगा. ताई, तुम्ही एईडी कुठे आहे ते बघून घेऊन या.” आपण एकटेच असलो तर फोन लावून स्पीकरवर टाकायचा आणि बाजूला ठेवायचा, म्हणजे हात मोकळे राहतात. पलीकडून सूचना देणारं प्रशिक्षित माणूस असेल, तर त्याचं ऐकत काम करता येतं.

यानंतर तो प्रश्न. कपाळावर हात ठेवून डोकं हलकेच मागे करायचं, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी हनुवटी वर उचलायची. बेशुद्ध माणसाची जीभ सैल पडून घशाचा मार्ग अडवते, तो यानं मोकळा होतो. मग आपला कान त्याच्या नाकातोंडाशी न्यायचा, नजर छातीवर ठेवायची. छाती वरखाली होतेय का बघायचं, आवाज ऐकायचा, गालाला हवा लागते का जाणायची. दहा सेकंद.

मॅडमनी दिवे मंद केले आणि काही ध्वनिफिती ऐकवल्या. प्रत्येकीनंतर आम्ही कागदावर लिहायचं: श्वास आहे किंवा नाही. एका फितीत खोल, घोरल्यासारखा एक आवाज आला, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक आवाज. आमच्यातल्या बहुतेकांनी ‘आहे’ लिहिलं. मॅडम म्हणाल्या, “हा माणूस गेल्या मिनिटात मेलाय, आणि तुम्ही त्याला कुशीवर वळवून रुग्णवाहिकेची वाट बघत बसणार आहात.” वर्गात कोणी हललं नाही.

हे आचके असतात. हृदय थांबलं की रक्तपुरवठा तुटलेला मेंदूचा खालचा भाग शेवटची धडपड करतो. तोंड उघडमीट होतं, जबडा हलतो, घशातून घरघर किंवा हुंदक्यासारखा आवाज येतो, पण फुप्फुसांत कामाची हवा जात नाही. हृदय नुकतंच बंद पडलेल्या अनेकांमध्ये पहिल्या काही मिनिटांत हे दिसतं. बघणाऱ्याला वाटतं, जीव आहे, श्वास चालला आहे, आता हात लावायला नको. म्हणून वर्गातला नियम ‘श्वास आहे का’ असा नसतोच, तो असतो ‘श्वास नेहमीसारखा आहे का’. नेहमीसारखा नसेल, किंवा दहा सेकंदांत आपल्याला खात्री पटली नसेल, तर उत्तर ‘नाही’ धरायचं आणि छाती दाबायला लागायचं. हृदय थांबताना काही क्षण आकडीसारखे झटकेही येऊ शकतात, आणि त्यामुळे ‘फिट आली असेल’ म्हणून लोक लांब राहतात. झटके थांबल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारायचा.

निवृत्त काकांनी विचारलं, “मॅडम, नाडी बघायची नाही का?” मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटला, कारण माझ्याही मनात तोच होता. पूर्वी सर्वसामान्यांनाही मानेवरची नाडी बघायला शिकवायचे. पण लोकांना ती नीट सापडत नाही, शोधण्यात वेळ जातो, आणि घाबरलेल्या माणसाला स्वतःच्याच बोटातले ठोके जाणवतात. म्हणून २००० सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत सर्वसामान्यांसाठी नाडी बघण्याची पायरीच काढून टाकली. आता प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढ्या दोनच खुणा पुरे.

काकांचा पुढचा प्रश्न त्याहून अवघड होता. “आणि समजा हृदय चालू असलं आणि मी दाबत बसलो तर?” मॅडमनी याचं उत्तर अगदी सावकाश दिलं. हृदय चालू असलेल्या बेशुद्ध माणसाची छाती दाबली गेली तर बहुधा तो कण्हेल, हात हलवेल, तुम्हाला ढकलेल, आणि तुम्ही थांबाल. छाती दुखेल, क्वचित एखादी बरगडी मोडेल. गंभीर इजा फारच विरळा. उलट हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबली गेली नाही, तर मेंदूला चार-सहा मिनिटांत कायमची इजा व्हायला लागते, आणि मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. शंकेचा फायदा दाबण्याच्या बाजूनं द्यायचा, तो यासाठी. घरी येऊन मी आईला आणि भावाला पहिली हीच गोष्ट सांगितली.

अजून एक गोंधळ या वर्गानं कायमचा मिटवला. हृदयविकाराचा झटका आणि हृदय बंद पडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणारी एखादी रक्तवाहिनी तुंबते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो, छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, मळमळ असं सांगू शकतो. त्याला बसवायचं, चालू द्यायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची. त्याची छाती दाबायची नाही. हृदय बंद पडतं तेव्हा माणूस काही सेकंदांत कोसळतो आणि उत्तर देत नाही. झटक्याचं रूपांतर बंद पडण्यात केव्हाही होऊ शकतं, म्हणून त्याच्याजवळून हलायचं नाही. वडिलांच्या बाबतीत हा फरक मला इतकी वर्षं कोणी असा स्वच्छ सांगितला नव्हता.

आता छाती दाबण्याबद्दल. जमिनीवर ओळीनं मॅनिकिन, म्हणजे सरावासाठीच्या माणसाच्या आकाराच्या बाहुल्या, मांडलेली होती, प्रत्येकाच्या छातीत स्प्रिंग आणि खांद्याजवळ दिवे. पुरेसं खोल आणि योग्य गतीनं दाबलं तरच हिरवा दिवा लागायचा. छातीच्या मधोमध, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाजवळचा भाग ठेवायचा, त्यावर दुसरा हात, बोटं एकमेकांत गुंफून वर उचललेली. गुडघे माणसाच्या कुशीला टेकलेले, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडांतून न काढता कमरेतून पुढे झुकून शरीराचं वजन खाली सोडायचं. खोली पाच सेंटिमीटर, सहाच्या वर नाही. गती मिनिटाला १०० ते १२०. मॅडमनी मेट्रोनोम लावला होता आणि त्याच्या टकटकीवर सगळा वर्ग एकदम दाबत होता.

पाच सेंटिमीटर ऐकायला थोडं वाटतं. प्रत्यक्षात तेवढी खोली गाठायला जो जोर लागतो तो अंगावर येतो, कारण माणसाच्या शरीरावर एवढा जोर लावायची आपल्याला सवयच नसते. मन हात आखडता घेतं. मॅडम प्रत्येकाच्या मागे उभ्या राहून म्हणायच्या, “अजून खाली. त्याला दुखत नाहीये.” खऱ्या माणसाच्या बाबतीत बरगडी मोडल्याचा कट्ट आवाज येऊ शकतो, वयस्कर माणसात तर बऱ्याचदा येतो. त्या आवाजानं थांबायचं नाही, हे त्यांनी आमच्याकडून मोठ्यानं म्हणवून घेतलं.

दाबण्याइतकंच महत्त्वाचं असतं सोडणं. पिचकारी परत भरून घेतल्याशिवाय दुसरी चिळकांडी उडत नाही, तसं छाती पूर्ण वर आल्याशिवाय हृदयात रक्त भरत नाही. दमलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो, खाली दाब देतो पण वर येऊ देत नाही. मॅनिकिनवरचा दिवा ते लगेच दाखवायचा. आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलं की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब तत्क्षणी पडतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर तो चढायला बरेच दाब खर्ची पडतात. अगदी उत्तम सीपीआरमध्येही हृदय एरवी जेवढं रक्त पुढे ढकलतं त्याच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाएवढंच पुढे जातं. त्यातलं काही वाया घालवणं परवडणारं नाही. कोणतीही विश्रांती दहा सेकंदांच्या आत संपवायची, इथेही तेच दहा सेकंद.

दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. शारीरिक शिक्षणाचे सर चांगले तगडे, पण दुसरं मिनिट संपता संपता त्यांचाही हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आपण दमलोय हे आपल्याला कळण्याआधी खोली कमी झालेली असते. म्हणून ‘मला अजून जमतंय’ म्हणायची सोय नाही, घड्याळ म्हणेल तेव्हा सरकायचं.

तीस दाब, मग दोन श्वास. श्वास देताना डोकं मागे, नाक चिमटीत, तोंडावर तोंड घट्ट, आणि एका सेकंदात छाती वर येताना दिसेल एवढीच हवा. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते आणि उलटी होऊन श्वासमार्गात जायची भीती असते. आम्हाला एकेरी झडप असलेला मास्क मिळाला होता. तोंडाला तोंड लावायची तयारी नसेल किंवा श्वास देणं शिकलेलं नसेल, तर अचानक कोसळलेल्या प्रौढ माणसाची नुसती छाती दाबत राहिलं तरी चालतं, कारण पहिली काही मिनिटं रक्तात प्राणवायू शिल्लक असतो. बुडालेल्या माणसात आणि लहान मुलांत मात्र मुळात प्राणवायू संपूनच हृदय थांबलेलं असतं, तिथे श्वासाला पर्याय नाही. जीवरक्षकाला मॅडमनी हे वेगळं बसवून शिकवलं: बाहेर काढल्यावर पहिलं काम श्वास देण्याचं.

मधल्या सुट्टीत मॅडमनी या सगळ्याचा इतिहास सांगितला आणि मी सुट्टी विसरून ऐकत राहिले. पीटर सफार आणि जेम्स इलाम या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात तोंडानं दिलेल्या श्वासातही पुरेसा प्राणवायू असतो हे दाखवून दिलं. त्याच सुमारास जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर शॉक देण्याच्या यंत्रावर काम करत होते. कुत्र्याच्या छातीवर यंत्राची जड पॅडल नुसती दाबून ठेवली तरी रक्तदाब थोडा वर सरकतो, हे निकरबॉकरच्या नजरेला आलं. तोपर्यंत हृदय चालवायचं म्हणजे छाती उघडून हातानं, असाच समज होता. १९६० साली या तिघांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून हृदय चालवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या लेखाचं सार असं होतं की हे करायला दोन हात पुरतात, ते कोणीही, कुठेही करू शकतं. त्या एका निरीक्षणातून माझ्यासारख्या वैद्यकाशी काही संबंध नसलेल्या बाईपर्यंत हे कौशल्य आलं.

मॅनिकिनची गोष्टही त्याच वर्षाची. नॉर्वेतले खेळणी बनवणारे आस्मुंड लेर्डाल मऊ प्लॅस्टिकच्या बाहुल्या बनवत. त्यांनी सरावासाठी माणसाच्या आकाराची बाहुली केली. आधी ती फक्त श्वास देण्यासाठी होती, नंतर सफार यांच्या सूचनेवरून तिच्या छातीत स्प्रिंग आली. बाहुलीचा चेहरा एका अनोळखी तरुणीचा. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सेन नदीत बुडालेली मुलगी अशी तिची कथा सांगतात, तिच्या चेहऱ्याचा साचा बऱ्याच घरांच्या भिंतींवर असे. तिचं नाव कोणालाच माहीत नाही. सुट्टीनंतर पुन्हा गुडघे टेकले तेव्हा त्या चेहऱ्याकडे मी वेगळ्या नजरेनं पाहिलं.

एईडीची मला धास्ती होती, आणि ती सगळ्यात लवकर गेली. झाकण उघडलं किंवा बटण दाबलं की यंत्र बोलायला लागतं. एक पॅड उजव्या हंसळीच्या खाली, दुसरं डावीकडे काखेच्या खाली, बरगड्यांवर, म्हणजे वीज हृदयातून आरपार जाते. अंग ओलं असेल तर पुसायचं, छातीवर दाट केस असतील तर पेटीतल्या वस्तऱ्यानं झटकन काढायचे, औषधाची पट्टी असेल तर ती काढून जागा पुसायची. पॅड लावताना दुसऱ्यानं छाती दाबणं चालू ठेवायचं. मग यंत्र म्हणतं, स्पर्श करू नका, आणि हृदयाची लय स्वतः वाचतं. हृदय थरथरत असेल, म्हणजे विजेचे संदेश बेबंद धावत असतील आणि रक्त ढकललं जात नसेल, तरच ते शॉक द्यायला सांगतं. लय चांगली असेल किंवा हृदय पूर्ण निपचित असेल तर सांगत नाही. सरळ रेषेवर शॉक देऊन माणूस उठून बसतो, हे पडद्यावर दिसतं तसं प्रत्यक्षात नसतं. शॉक म्हणजे ती बेबंद थरथर थांबवणं, ज्यातून हृदयाची स्वतःची लय परत सुरू होऊ शकते. शॉकनंतर बघत बसायचं नाही, लगेच पुन्हा दाबायला लागायचं, दोन मिनिटांनी यंत्र परत तपासतं.

म्हणजे शॉक द्यायचा की नाही हा निर्णय आपला नाहीच. आपला निर्णय यंत्र उघडण्याचा, आणि तो पुन्हा त्या पहिल्या प्रश्नावरच अवलंबून.

इथे मॅडमनी एक विषय काढला, जो मला वाटतं प्रत्येक वर्गात निघायला हवा. सार्वजनिक जागी कोसळलेल्या स्त्रीला आजूबाजूच्यांकडून सीपीआर मिळण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी आहे, असं अभ्यासांत दिसलं आहे. लोक हात लावायला कचरतात. गैरसमज होईल, कोणी काही बोलेल. पॅड उघड्या कातडीवरच चिकटतात, त्यामुळे कपडे बाजूला करावे लागतात, गरज पडली तर आतले कपडे कात्रीनं कापावे लागतात. वर्गातल्या एका मॅनिकिनला मॅडमनी मुद्दाम ब्लाउज आणि आतले कपडे घातले होते, आणि पुरुषांनाही त्यावरच सराव करायला लावला. सुरुवातीला त्या जोडप्यातला नवरा फार अवघडला होता. तिसऱ्या वेळेस तो न बोलता कात्री लावून पॅड चिकटवून मोकळा झाला. बाजूला उभ्या असलेल्यांनी चादर धरून आडोसा करायचा, हेही शिकवलं. मी स्त्री म्हणून सांगते, मी पडले तर कोणी माझ्या कपड्यांचा विचार करत थांबू नये.

तान्ह्या बाळांचा भाग त्या जोडप्यासाठी होता, पण डोळे सगळ्यांचेच त्या छोट्या मॅनिकिनवर होते. बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून दोन अंगठ्यांनी दाबायची. खोली छातीच्या एक तृतीयांश, म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर. डोकं फार मागे करायचं नाही, नाक छताकडे राहील एवढंच. श्वास देताना आपलं तोंड बाळाच्या नाक-तोंडावर दोन्ही झाकून, आणि हवा फक्त गालात मावेल तेवढी. होणाऱ्या आईला हे करताना रडू आलं. मॅडमनी तिला पाणी दिलं, थोडं थांबू दिलं, आणि मग म्हणाल्या, “आता परत करा.” तिनं केलं.

घास अडकण्यातही आधी निर्णयच. माणूस जोरात खोकतोय, बोलतोय, तर त्याला खोकू द्यायचं, पाठीत मारायचं नाही. खोकल्यापेक्षा चांगला उपाय नाही. आवाज फुटत नसेल, हात गळ्याकडे गेला असेल, ओठ निळसर होत असतील, तर त्याला पुढे झुकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाजवळच्या भागानं पाच जोरदार थापा, मग मागून कमरेला वेढून बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर झटके. हे झटके हेन्री हाइमलिख यांनी १९७४ साली सुचवलेले. गरोदर बाईला पोटाऐवजी छातीवर झटके द्यायचे. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर कधीच नाही: हातावर पालथं, डोकं खाली, पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब. दिसत नसलेली वस्तू काढायला तोंडात बोट घालायचं नाही, ती आणखी आत जाते. बेशुद्ध पडला तर खाली निजवून सीपीआर.

उरलेल्या विषयांवरून आम्ही जरा भरभर गेलो. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं थेट जखमेवर दाब, आणि थांबलं का हे बघायला सारखं कापड उचलायचं नाही. हाता-पायातून रक्ताचा लोट थांबतच नसेल तर जखमेच्या वर काही सेंटिमीटरवर, सांध्यावर नाही, आवळपट्टी बांधायची आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, फोड फोडायचे नाहीत. घोळणा फुटला तर डोकं मागे टाकायचं नाही, पुढे झुकून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. फिट आली तर तोंडात चमचा किंवा काहीही घालायचं नाही, हातपाय धरून ठेवायचे नाहीत, डोक्याखाली मऊ काही सरकवायचं आणि घड्याळ बघायचं; पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका. साप चावला तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं सगळं बंद, अवयव स्थिर ठेवून रुग्णालय. श्वास नीट असलेल्या बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी बाहेर येते, आत जात नाही. आणि वळवल्यावरही श्वासाकडे बघत राहायचं.

परीक्षेत आधी बहुपर्यायी प्रश्न, मग प्रत्यक्ष प्रसंग. खोलीत एकेकाला बोलवायचे. मॅनिकिन टेबलाच्या आडोशाला पडलेलं, एक मदतनीस घाबरलेल्या नातेवाइकाचं काम करत रडत-ओरडत होता, आणि मॅडम हातात तक्ता घेऊन कोपऱ्यात. मी विचारलं, “श्वास घेतोय का?” त्या म्हणाल्या, “मधूनच घशातून आवाज येतोय.” म्हणजे शेवटी परीक्षा याचीच होती. मी फोन करायला सांगितलं आणि दाबायला बसले. ‘नातेवाईक’ माझा हात ओढत होता, “अहो, श्वास चालू आहे त्यांचा!” त्याच्याशी वाद न घालता त्यालाच काम द्यायचं असतं हे मॅडमनी शिकवलं होतं. “तुम्ही दारात उभे राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवा,” मी दाबता दाबता म्हणाले, आणि तो गेला.

प्रमाणपत्रं देण्याआधी मॅडम आमच्यात खाली बसल्या. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेकजण सगळं नीट करूनही वाचत नाहीत, हे त्यांनी आम्हाला स्पष्ट सांगितलं. जीवरक्षकानं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. त्यानं एकाला बाहेर काढलं होतं, रुग्णवाहिका येईपर्यंत दाबलं होतं, आणि तो माणूस गेला. मॅडमनी त्याला विचारलं, “तू सुरू करायला किती वेळ लावलास?” “लगेच केलं.” “मग जेवढी संधी होती तेवढी तू त्याला दिलीस,” त्या म्हणाल्या. अशा प्रसंगानंतर झोप उडते, तेच दृश्य परत दिसतं, तेव्हा कोणाशी तरी बोला, तज्ज्ञाची मदत घ्या, हेही प्रथमोपचाराचाच भाग म्हणून त्यांनी सांगितलं.

माझ्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची आहे, पण हातातलं कौशल्य काही महिन्यांतच पुसट व्हायला लागतं. त्यामुळे मी घरी कडक उशीवर मेट्रोनोम लावून दोन-दोन मिनिटं दाबते आणि शेजारी आईला, भावाला बसवते. वडील आरामखुर्चीतून बघतात. त्यांच्यासमोर हे करायला सुरुवातीला जड गेलं. आता तेच घड्याळ लावतात. कार्यालयात एईडी होतं, पण कुलूपबंद कपाटात आणि किल्ली सुरक्षा विभागाकडे. मी लेखी कळवल्यावर ते लिफ्टशेजारी उघड्या पेटीत आलं. बॅटरी आणि पॅडची मुदत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मी तपासते, आणि मजल्यावरच्या प्रत्येकाला ती पेटी एकदा तरी स्वतःच्या हातानं उघडायला लावते.